शफीक मास्टरांचा पटाशीचा दात

बत्तीस वर्षांत माझ्या दवाखान्यात हजारो माणसं आली, पण तोंड उघडायच्या आधी पेटी उघडणारा पेशंट एकच. मयूर विहारच्या मार्केटमध्ये, स्टेशनरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना होता. पेशंट बहुतेक आसपासच्या सोसायट्यांतले, म्हणजे ऑफिसातून बसनं परतता परतता येणारे. दाढ दुखत असली तरी एक डोळा घड्याळावर. शफीक मास्टरांना मात्र घाई नव्हती. बसले, काळी लांबट पेटी मांडीवर ठेवली, तिच्यातून क्लॅरिनेटचे पाच तुकडे काढून एकमेकांत बसवले आणि मग ओठांवरचा रुमाल बाजूला केला. वरचा, डावीकडचा, मधला दात हिरडीजवळ मोडलेला होता.

मराठीत या दाताला पटाशीचा दात म्हणतात. दिल्लीत वाढलेल्या आमच्या मुलीला हा शब्द मी चारदा शिकवला आणि चारदा ती विसरली. तिच्यासाठी तो ‘सामनेवाला दाँत’. मास्टरांसाठी तो दात म्हणजे रोजगार होता. ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आदल्या संध्याकाळी वरातीत नाचणाऱ्या नवरदेवाच्या मित्राचं कोपर वाद्यावर बसलं आणि वाद्याचं टोक यांच्या दातावर.

त्यांनी मला समजावून सांगितलं, म्हणजे खरं तर शिकवलंच. क्लॅरिनेट फुंकताना खालचा ओठ आत दुमडतात, पण वरचे दोन दात थेट वाद्याच्या टोकावर टेकवतात. सगळा सूर त्या टेकण्यावर उभा असतो. दात घसरला की सूर घसरतो. टोकावर त्यांनी सायकलच्या ट्यूबचा छोटासा तुकडा चिकटवला होता, दाताला धक्का कमी बसावा म्हणून. तो तुकडा पाहून मला वाटलं, हा माणूस माझ्या धंद्यातलंही थोडं जाणतो.

तेव्हा मी पस्तिशीत होते. मूळची नगरची, नवऱ्याच्या केंद्र सरकारी नोकरीमुळे दिल्लीत आलेली, आणि आपल्या हाताबद्दल फारच खात्री असलेली. असा दात वाचवायची आमची पद्धत ठरलेली होती. आधी मुळातली नस काढून मूळ स्वच्छ करायचं. मग त्या पोकळ मुळात धातूची कांडी बसवायची, भिंतीत खुंटी ठोकतात तशी. कांडीच्या वर आलेल्या टोकावर दाताचा गाभा उभा करायचा आणि त्यावर टोपी. मी मास्टरांना चांगली जाड कांडी बसवली. टोपी बसली तशी त्यांनी आरशात पाहिलं, मग वाजवून पाहिलं. आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मास्टरजी, बाकीचे दात पडतील, हा पडायचा नाही.

पुढची कित्येक वर्षं हे खरं ठरलं. मास्टरांनी आपला सगळा बँड माझ्याकडे पाठवला. ढोल वाजवणारा एक सरदारजी होता, तो ताल धरताना दात इतके आवळायचा की त्याच्या दाढा सपाट झाल्या होत्या. मोठं पितळी वाद्य वाजवणारे एक काका कवळी खिशात ठेवून वाजवायचे आणि जेवणाच्या वेळी लावायचे. एकदा ती वरातीतल्या घोड्याच्या पायाखाली गेली, तेव्हा दोन तुकडे रुमालात घेऊन आले. माझी मदतनीस सुनीता या मंडळींवर खूश असायची. ती शेजारच्या त्रिलोकपुरीची, माझ्याकडे पहिल्या वर्षापासून. तिच्या धाकट्या नणंदेच्या लग्नात मास्टर स्वतः वाजवायला गेले होते.

मग एका वर्षी, दिवाळीला आठवडा असताना, मास्टर आले ते गालाला हात लावून. पेटी आणली नव्हती. हिरडी सुजली होती, दाताच्या कडेनं पू येत होता. मी एक्स-रे काढला. मूळ उभं चिरलं होतं, वरपासून खालपर्यंत. आत माझी कांडी जशीच्या तशी, सरळ, चकचकीत.

लपवण्यासारखं काही नव्हतंच. मी त्यांना फिल्म दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, आणि आवाज न चढवता म्हणाले, “आपका लोहा तो सलामत है, डॉक्टर साहिबा. दाँत ही चला गया.”

या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं कुणी रागावून बोललं असतं तरी लागलं नसतं. धातू दातापेक्षा कितीतरी कडक असतो. प्रत्येक सुराचा, प्रत्येक घासाचा जोर त्या कांडीनं स्वतः न वाकता मुळाला दिला होता. लाकडात पाचर ठोकावी तशी ती वर्षानुवर्षं त्या मुळात बसत गेली. चिरलेलं मूळ जोडता येत नाही. दात काढावाच लागला.

काढताना मास्टर हूं की चूं करत नव्हते, पण नंतर कापूस दाबून बसल्यावर त्यांनी कागदावर लिहून विचारलं, ‘देव उठान?’

दिल्लीत दिवाळीनंतरच्या देव उठान एकादशीला लग्नांचा हंगाम उघडतो. त्या एका दिवशी शहरात एवढ्या वराती निघतात की रस्ते बंद पडतात. म्हणजे आमच्याकडे अठरा दिवस होते. मास्टरांच्या बँडच्या मालकानं पुढच्या रांगेसाठी एक दुसरा वाजवणारा आधीच पाहून ठेवला होता. मास्टर तोपर्यंत बरे झाले नाहीत तर त्यांना मागच्या रांगेत झांजा देणार होता. हे मला मास्टरांनी नाही, सुनीतानं सांगितलं. मास्टर पंचावन्नच्या पुढचे होते; एकदा मागच्या रांगेत गेलेला माणूस पुन्हा पुढे येत नाही, असं ती म्हणाली.

इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू बसवायला महिने लागणार होते, आणि तिथलं हाड संसर्गानं खाल्लेलं. काढघालीचा दात बनवून पाहिला. टाळूवर प्लास्टिकची पट्टी, तिला पुढे एक दात. मास्टरांनी दुसरा सूर लावला तशी पट्टी सुटली आणि क्लॅरिनेटऐवजी शिट्टी वाजली. सुनीतासकट तिघंही हसलो, पण मास्टरांचं हसू लवकर संपलं. शेजारचे दोन दात कापून बारीक करून त्यांच्या आधारानं पक्का ब्रिज बसवणं शक्य होतं. पण ते दोन दात अगदी निरोगी होते, आणि या माणसाचा एक दात मी घालवून बसले होते. आणखी दोघांना हात लावायची माझी हिंमत होईना.

त्या रात्री मी माझ्या कॉलेजमधल्या मैत्रिणीला, वसुधाला, फोन केला. ती पानिपतला राहायची. तिचे यजमान तिथल्या एका सतरंज्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि ती जवळच्याच एका दंत महाविद्यालयात शिकवायची. माझं सगळं रडगाणं ऐकून तिनं एवढंच सांगितलं की बुधवारी तुझं मार्केट बंद असतं ना, ये.

बुधवारी सकाळच्या गाडीनं गेले. तिच्या प्रयोगशाळेत एक उंच यंत्र होतं. लोकांचे काढून टाकलेले दात ती प्लास्टिकच्या ठोकळ्यांत उभे बसवायची आणि वरून पोलादी दांडा हळूहळू खाली आणायची. दात मोडेपर्यंत. शेजारच्या पडद्यावर जोराची रेघ चढत जायची आणि दात मोडला की खाली कोसळायची. तिनं आधी मी बसवायचे तशी धातूची कांडी घातलेला दात लावला. रेघ चांगली उंच गेली. मग कट् असा आवाज झाला. मूळ उभं चिरलेलं, कांडी जशीच्या तशी. मास्टरांचाच एक्स-रे मी पुन्हा बघत होते.

मग तिनं दुसरा दात लावला. यात धातू नव्हता. काचेच्या बारीक तंतूंची कांडी, आणि वर दाताच्या रंगाचं भरण, ज्यात तसेच तंतू मिसळलेले. रेघ पहिल्याएवढी उंच गेली नाही. मी लगेच म्हटलं, “अगं, हा तर आधी मोडला.”

“आकडा बघू नकोस,” वसुधा म्हणाली. “तुकडे बघ.”

मी ठोकळा हातात घेतला. वरचा एक कोपरा उडाला होता. खालचं मूळ धडधाकट. हा दात तोंडात असता तर अर्ध्या तासात पुन्हा भरता आला असता.

तिनं मला मग बाकीचं समजावलं. साध्या भरणात एकदा तडा गेला की तो अडवायला कुणी नसतं, तो सरळ पलीकडे जातो. तंतू असले की तडा एका तंतूला अडतो, वळतो, दुसऱ्याला अडतो, आणि दमतो. शिवाय हे तंतू दातासारखेच थोडे वाकतात, त्यामुळे जोर एका जागी साठत नाही. तिनं कपाटातून एक पांढरी, विणलेली फीत काढली, झबल्याला लावायच्या लेसएवढी रुंद. ही फीत शेजारच्या दोन दातांना मागून चिकटवायची आणि मधल्या रिकाम्या जागी तिच्यावर नवा दात बांधत आणायचा. शेजारचे दात कापायचे नाहीत.

हे किती टिकेल, असं मी विचारलं. वसुधा फार प्रामाणिक बाई. म्हणाली की माझं यंत्र चहा पीत नाही, सुपारी चावत नाही आणि क्लॅरिनेट तर बिल्कुल वाजवत नाही. त्यामुळे ते मी तुला सांगू शकत नाही.

फितीची छोटी गुंडाळी घेऊन मी परत आले. दुसऱ्या दिवशी सुनीताला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं समजवायला वेळ लागेल. ती म्हणाली की आमच्या गावी चूल घालताना मातीत भुसा कालवतात, नाहीतर पहिल्याच आचेला तडकते, तसंच ना? वसुधाचा अर्ध्या तासाचा पाठ तिनं एका चुलीत बसवला. पुढची सगळी वर्षं मी पेशंटना तीच चूल सांगत आले.

दिवाळीच्या आठवड्यात दुपारी दवाखाना रिकामा असायचा. प्लास्टरच्या तुकड्यात जुने काढलेले दात ओळीनं बसवून मी सराव केला. पहिली फीत वाकडी चिकटली. दुसऱ्यांदा दात सुरेख झाला, पण मागे एवढा जाड की जीभ अडखळली असती. तिसरा मी जमिनीवर जोरात आपटला. प्लास्टर फुटलं, दात फितीला धरून होता. सुनीतानं तो उचलून खिडकीत ठेवला आणि उदबत्ती लावली. थट्टेनं, पण लावली.

एकादशीला पाच दिवस उरले असताना मास्टरांना बोलावलं. धंद्याबाहेरच्यांसाठी सांगते, या कामात सगळ्यात मोठा वैरी म्हणजे थुंकी. दाताला औषध लावून धुतलं आणि वाळवलं की त्याचा पृष्ठभाग धुरकट, दव पडलेल्या काचेसारखा दिसतो, तेव्हाच फीत धरते. त्यावर ओलाव्याचा एक थेंब गेला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून दातांभोवती रबराचा पडदा ताणायचा. फितीला बोट लावायचं नाही, चिमट्यानंच उचलायची. मग थर लावायचा, तो कडक व्हावा म्हणून निळा प्रकाश द्यायचा, पुन्हा थर. सुनीतानं त्या दिवशी दिवा इतका स्थिर धरला की मला तिचा हात असल्याचं विसरायला झालं. अडीच तासांहून जास्त वेळ लागला. मास्टर मध्ये झोपून गेले.

उठल्यावर त्यांनी आरसा घेतला नाही. क्लॅरिनेट जोडलं आणि एक लांब सूर लावला. मला तो छान वाटला. त्यांनी मान हलवली.

“यह दाँत अकेला बोल रहा है,” ते म्हणाले. “बाकी चुप हैं.”

मला आधी कळलंच नाही. मग एक युक्ती सुचली. चावताना दात कुठे टेकतात ते पाहायला आमच्याकडे निळा कार्बनसारखा पातळ कागद असतो. तो मी त्यांच्या दाताखाली नाही, वाद्याच्या टोकावर ठेवला आणि म्हटलं, वाजवा. काढून पाहिलं तर निळी खूण एकट्या नव्या दातावर. तो केसभर लांब होता. सगळं वाद्य तोच उचलत होता. मास्टरांना ते कानांनी कळलं होतं, मला डोळ्यांनी बघावं लागलं.

मग मी घासायची, ते वाजवायचे, कागद ठेवायचा, पुन्हा घासायचं. बाहेर चार पेशंट बसले होते. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात काम करणारे एक मराठी गृहस्थ होते, दाढ दुखून हैराण. पाचव्या सुराला ते आत डोकावले आणि म्हणाले, “मॅडम, माझी घाई नाही. चालू द्या.” खालचा स्टेशनरीवाला जिन्यात येऊन उभा राहिला. सातव्या खेपेला निळ्या खुणा दोन्ही मधल्या दातांवर सारख्या उमटल्या. मास्टरांनी सूर लावला, तो धरला, वर नेला आणि तिथून असा घसरवत खाली आणला की मला, जिला सूर म्हणजे काय ते धड कळत नाही, तिलाही कळलं. मग ते थांबलेच नाहीत. तेव्हा कुठे त्यांनी आरसा मागितला.

एकादशीच्या संध्याकाळी मी नवऱ्याला घेऊन पटपडगंजच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. त्यानं कुरकुर केली, की यार, बिनबोलावता वराती बघायचं हे वय आहे का आपलं. पण आला. तीन वराती गेल्या. चौथीत, पुढच्या रांगेत, लाल कोट आणि फेट्यात शफीक मास्टर. त्यांनी मला पाहिलं, डोळ्यांनी सलाम केला आणि वाजवत राहिले. भोवती पोरं बेभान नाचत होती. प्रत्येक वेळी कुणाचं कोपर हवेत गेलं की मी एक पाऊल पुढे व्हायचे. नवरा म्हणाला, “नवरदेवापेक्षा तुझीच काळजी जास्त दिसतेय.” ते खरंच होतं. वरात वळणाआड गेली तेव्हा माझ्या मुठी दुखत होत्या.

त्यानंतर मी धातूच्या कांड्या बसवणं जवळजवळ सोडलं. आधी ज्यांना बसवल्या होत्या, त्यांना आठवण ठेवून तपासायला बोलावत राहिले. काहींचे दात अजून उत्तम आहेत, दोघांचे गेले. त्या दोघांना मी सांगितलं की तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं. ते खरं आहे, पण सांगताना बरं वाटत नाही.

मास्टरांचा दात वर्षातून एकदा तपासत होते. जखम भरल्यावर हिरडी थोडी वर सरकली, तिथे भर घातली. एकदा चहाचे डाग काढले. नऊ वर्षं तो पुढच्या रांगेत राहिला. मग, मी दवाखाना बंद करायचं ठरवल्यावर, शेवटच्या आठवड्यात मास्टर आले. आता ते स्वतः वराती कमी करायचे, बँडमधल्या नव्या लोकांना शिकवायचे. कागदाची पुडी उघडून त्यांनी टेबलावर ठेवली. आत तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा.

“टूट गया,” ते म्हणाले, आणि ओठ वर करून दाखवला. “मगर इसने छोड़ा नहीं.”

मी भिंग लावून पाहिलं. दाताची एक कड उडाली होती. आत फितीचे तंतू दिसत होते, ताणलेले, शाबूत. शेजारचे दोन दात जसे देवानं दिले तसेच. आपलं काम मोडलेलं पाहून इतका आनंद झालेली डॉक्टर मास्टरांनी पाहिली नसावी. त्यांनी सुनीताकडे बघून भुवया उंचावल्या. मी तिथूनच वसुधाला फोन लावला आणि सांगितलं की वरचा कोपरा उडाला, बाकी सगळं जागेवर. मग तिनं विचारलं की मास्टरांचं वय काय आता, आणि मी सांगितल्यावर हसत सुटली, की या वयात ते माझ्या यंत्राचं काम करताहेत.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. माझ्या नोकरीधंद्यातलं ते शेवटचं काम ठरलं. पुढच्या दिवसांत आणखी दोन पेशंट आले, पण दोघांना फक्त कागदपत्रं हवी होती. दुरुस्ती होताच मास्टरांनी क्लॅरिनेट जोडलं. सूर बरोबर आहे का ते दोनदा पाहिलं, मान डोलावली. मग पेटी बंद करायच्या ऐवजी उभे राहिले आणि बिदाईची धून सुरू केली, नवरी माहेर सोडते तेव्हा वाजवतात ती.

सुनीता म्हणाली, “मास्टरजी, दवाखाने में कोई बिदाई बजाता है?”

“घर से बेटी जा रही है,” त्यांनी वाद्य क्षणभर खाली घेऊन सांगितलं. “और क्या बजाऊँ?”

साठी ओलांडलेली ती बेटी मी. जवळ होती त्या पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच. सुनीतानं खुर्चीची पाठ थोडी मागे केली, डोक्यावरचा दिवा विझवला आणि स्वतः स्टुलावर बसली. मास्टरांनी धून पहिल्यापासून पुन्हा सुरू केली. आम्ही ती शेवटपर्यंत ऐकली.